आगळातल्या शिवराया

सर, ती नाणी मी धुतली होती. काकूंनी नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि लिहून झाल्या झाल्या मी उठून चहा टाकायला गेले. आधण उकळून आटलं तरी साखर घालायचं भान नव्हतं. परत येऊन बसले तर वाक्य होतं तिथेच होतं. तुम्ही असतात तर मजकूर बाजूला ठेवून आधी म्हणाला असतात, बाय, अक्षर बिघडलंय तुझं. बिघडलंय खरं. हात कापतो हल्ली, आणि या वयात कुणी त्याचं कारण विचारत नाही.

तुम्ही मला आठवीत इतिहास शिकवलात आणि पुढे दहा-बारा वर्षांनी मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायला आले. शिक्षकांच्या खोलीत तुम्ही मला ‘बाई’ म्हणायचात, अहो-जाहो करायचात, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की लगेच ‘बाय’ आणि ‘तू’. मला त्याची गंमत वाटायची आणि थोडा अभिमानही. आईवडील तिकडे मंडणगडला, मी रत्नागिरीत एका भाड्याच्या खोलीत एकटी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्टोव्ह पेटवायचा कंटाळा यायचा. आता लपवून काय करू, पहिले काही शनिवार मी तुमच्या नाण्यांसाठी नाही, काकूंच्या हातच्या आमटीसाठी यायचे. तुम्ही जेवताना विजापूरच्या आदिलशहाने पाडलेल्या लारीबद्दल सांगत असायचात, चांदीची तार दुमडून केलेलं ते हेअरपिनीसारखं नाणं, ते दाभोळ बंदरातून कुठे कुठे गेलं वगैरे, आणि माझं लक्ष पातेल्यात किती उरलंय याकडे. काकूंना ते कळायचं. ‘जेव गो आधी पोटभर,’ म्हणायच्या. ‘ती नाणी तीनशे वर्षं थांबलीत, अजून अर्धा तास थांबतील.’

पण हळूहळू तुमचं खूळ मलाही लागलं. फणसाच्या लाकडाची ती बारा खणांची पेटी, खणांत कापसावर ठेवलेली नाणी, आणि प्रत्येक खण बाहेर ओढताना येणारा तो पिवळ्या लाकडाचा वास. वरच्या खणांत परदेशी नाणी. ज्या पोरांचे बाप बोटीवर होते किंवा आखातात होते, त्यांना तुम्ही वर्गात सांगून ठेवायचात की बाबांना म्हणावं खिशाच्या तळाशी जे उरेल ते सरांना आणा. नाटे गावच्या एका मुलाने मधोमध भोक असलेलं नाणं आणलं होतं, ते त्याच्या आईने काळ्या दोऱ्यात ओवून धाकट्याच्या गळ्यात घातलं होतं. तुम्ही ते तसंच, दोऱ्यासकट, परत पाठवलंत. मधल्या खणात चुकलेली नाणी. एशियाडची नाणी तेव्हा नुकती हातात खेळायला लागली होती, आणि एसटीच्या कंडक्टरने दिलेल्या मोडीत तुम्हाला असे चार आणे मिळाले की ज्याचा छाप निम्मा सरकलेला, अर्धं नाणं कोरं. तुम्ही ते दोन दिवस खिशात घेऊन शाळाभर दाखवत होतात. टांकसाळीत एवढे डोळे बसलेले असताना ही चूक निसटली कशी, हा तुमचा आवडता प्रश्न. मात्र चूक टांकसाळीतलीच हवी, बाहेर आणून कुणी कानशीने घासलेलं तुम्हाला चालायचं नाही. ती लबाडी, म्हणायचात.

आणि सगळ्यांत खालच्या दोन खणांत शिवराया, शिवकाळापासूनची तांब्याची नाणी. पालीच्या एका तांबटाकडे मोडीत आलेल्या तांब्याच्या ढिगातून तुम्ही त्या एकेक करून वेचल्या होत्या, नाहीतर वितळून त्यांचे हंडे झाले असते. काळपट, हिरवट, कडा झिजलेल्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि तेही पूर्ण कुठेच नाही. त्यातल्या एकीवर मात्र ‘शिव’ च्या खाली एक बारीक खूण होती. तुमच्या मते ते अक्षर होतं, आणि तसं अक्षर असलेली शिवराई आजवर कुठे छापून आलेली नव्हती. त्या एका खुणेसाठी तुम्ही किती पुस्तकं चाळलीत ते मी पाहिलंय. ती शिवराई तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलीत त्या दिवशी मी तिच्यावर फुंकर मारली आणि पदराने खसाखस पुसायला लागले. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेतलीत.

‘भांडी घासायला आली आहेस का इथे?’ तुम्ही म्हणालात. ‘हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे. ही त्याची कातडी आहे. नाणं कडेला धरायचं आणि डोळ्यांनी बघायचं.’

तुमचा आवाज चढला नव्हता. पण काकू दारातच उभ्या होत्या, हातात ताकाचा पेला, आणि त्यांच्यासमोर तुम्ही बोललात ते मला लागलं. मी चोवीस वर्षांची होते, माझ्या हाताखाली दोनशे पोरं ब्रश धरायला शिकत होती, आणि मला कुणी असं हटकलेलं चालत नव्हतं. वरवर ‘हो सर’ म्हटलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं आपलं काहीतरी. तुम्ही तेव्हा छप्पन्न वर्षांचे होतात, म्हणजे माझ्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान.

मग तो मे महिना. पुण्याच्या त्या गृहस्थांना तुम्ही चार पत्रं लिहिली होतीत. ते नाण्यांवर लेख लिहायचे, त्यांच्या मंडळाचा अंक निघायचा, आणि त्यांनी एखाद्या नाण्याबद्दल लिहिलं की सगळ्यांनी ते मानायचं असं होतं. चार पत्रांनंतर त्यांचं एक कार्ड आलं: सुट्टीत गणपतीपुळ्याला येतोय, वाटेत नाणं पाहीन, कॅमेरा आणतो. त्या दिवसापासून तुमचं चालणं बदललं. कार्ड तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवायचात. काकू मला म्हणाल्या, लग्नाच्या आधी मला बघायला आले तेव्हापण एवढे घाबरले नव्हते हे. पेटीतल्या प्रत्येक खणासाठी नावाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम तुम्ही मला दिलंत, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी तुम्ही कडक इस्त्रीचा शर्ट घालून एसटी स्टँडवर गेलात. काकू मासळीला मिरकरवाड्याला गेल्या. पुण्याचा माणूस घरी येतो म्हणजे त्याला सुरमई दिलीच पाहिजे, यावर आदल्या दिवशी तुमच्यात वाद झाला होता. ते शाकाहारी असतील असं तुमचं म्हणणं आणि तसे असले तर पस्तावतील असं काकूंचं. मी मागच्या पडवीत एकटी. समोर पेटी, टाक, काळी शाई. अंगणात कोकमासाठी रातांब्याची सालं वाळत पडलेली, आणि पडवीच्या कोपऱ्यात चिनी मातीच्या बरणीत आगळ, कोकमाचा मीठ घातलेला घट्ट लाल रस. काकू रोज सकाळी त्या सालांना त्यात बुडवून परत उन्हात घालायच्या, पुटावर पूट. त्या दिवसांत त्यांची दहाही बोटं जांभळी झालेली असायची, कितीही धुतली तरी.

चिठ्ठ्या लिहून संपल्या. पाहुणे अजून आलेले नव्हते. मी शिवरायांचा खण उन्हात धरला आणि मला त्या इतक्या मरगळलेल्या दिसल्या की वाईट वाटलं. माझ्या सुंदर अक्षराखाली हे काळे तुकडे! आमच्या घरी देवाची तांब्याची भांडी आई आमसुलाने घासायची. आमसूल चोळलं की तांबं उजळतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी वाटीभर आगळ काढून घेतलं आणि सगळ्यांत झिजलेली एक शिवराई त्यात सोडली. एकच, बघू तरी म्हणून. मी दहा मोजायच्या आत ती लाल झाली. नव्या कोऱ्या तांब्यासारखी लाल. आणि ‘श्री’ मधली वेलांटी, जी मला कधीच दिसली नव्हती, ती दिसली.

त्यानंतर मी थांबले नाही. खोटं सांगत नाही सर, मला त्या अर्ध्या तासात फार आनंद झाला होता. एकेक नाणं बुडवायचं, चिमूटभर रांगोळी घ्यायची, नारळाच्या काथ्याने चोळायचं, पंच्यावर ठेवायचं. वाटत होतं, सरांना इतक्या वर्षांत हे सुचलं नाही! पाहुणे विचारतील, हे कुणी केलं, आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवाल, आणि मग तो ताकाच्या पेल्याच्या दिवशीचा हिशेब फिटेल. ती खुणेची शिवराई मी मुद्दाम शेवटी घेतली, आणि सगळ्यांत जास्त तीच घासली, कारण ती खूणच तर स्पष्ट दिसायला हवी होती. वाटीतलं आगळ माडाच्या आळ्यात ओतलं. हात साबणाने धुतले, अर्ध्या तासाचा रंग तेवढ्याने निघाला. सगळं कापसावर मांडून ठेवलं, चिठ्ठ्यांसकट.

तुम्ही पाहुण्यांना घेऊन आलात. काकू त्यांच्या पाठोपाठच मागच्या दाराने आल्या, मासळी ठेवून सरबत करायला लागल्या. मी माजघराच्या दारात उभी. तुम्ही वरचे खण उगाचच सावकाश दाखवलेत, लारी, परदेशी नाणी, ते सरकलेले चार आणे. मग खालचा खण ओढलात. मला अजून तुमची पाठ दिसते. पाठीवर इस्त्रीची घडी तशीच होती आणि तुम्ही एकदम हलायचे थांबलात. पाहुण्यांनी भिंग काढलं, एक नाणं उचललं, दुसरं उचललं, मग ती खुणेची शिवराई खिडकीपाशी नेली. बराच वेळ पाहिली. आणि विचारलं, ही कोणी घासली?

काकू तेवढ्यात सरबताचे पेले घेऊन आत आल्या. तुम्ही त्यांच्या हातांकडे पाहिलंत. पेल्याभोवतीच्या त्या जांभळ्या बोटांकडे. मग पाहुण्यांकडे वळून म्हणालात, ‘मीच. तुम्ही येणार म्हणून.’

पाहुण्यांनी तुम्हाला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही ते ऐकून घेतलंत तेच खूप झालं. इतकी वर्षं नाणी जमवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये, हा त्यातला सौम्य भाग. ती खूण अक्षर होतं की ओरखडा, हे आता कुणीच सांगू शकत नाही म्हणाले. कॅमेरा पिशवीतून बाहेर निघालाच नाही. सुरमई मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली. निघताना एका चिठ्ठीकडे बोट करून म्हणाले, अक्षर फार सुरेख आहे, कुणाचं? तुम्ही माझं नाव सांगितलंत. मी हसले सर. मी त्यांना नमस्कार केला आणि हसले.

ते गेल्यावर तुम्ही खुर्चीत बसलात. काकू पानं उचलत होत्या. तुम्ही अगदी हळू म्हणालात, ‘घरात घासायला भांडी कमी होती?’

‘मी कशाला हात लावू?’ काकू म्हणाल्या. ‘मला म्हायत नाय काय, तुम्ही केवढे जपता ते?’

‘बोटं बघ तुझी.’

काकूंनी बोटं पाहिली. मग माझ्याकडे वळल्या. ‘ही होती की हितं. तू सांग गो ह्यांना. मी तर सकाळधरनं बंदरावर.’

आणि मी म्हटलं, ‘मी चिठ्ठ्या लिहीत होते काकू. माझं लक्ष नव्हतं.’

त्या वाक्यात एकही शब्द तुमच्या विरुद्ध नव्हता की काकूंच्या विरुद्ध नव्हता. फक्त त्यांच्या बाजूने नव्हता. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं असं मला त्या वेळी वाटलं, आणि पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्या नजरेला नजर देताना आधी त्यांच्या हातांकडे बघायचे. पण त्या फक्त वळल्या. पानं घेऊन मोरीवर गेल्या. खरकटी ताटं किती वेळ घासत होत्या त्या.

तुम्ही परत कधी त्या विषयावर चिडला नाहीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही त्याचा विनोद केलात. शाळेत कुणी तांब्याचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, आमच्या घरी तांबं उघड्यावर ठेवायची सोय नाही, आमची ही लगेच आमसूल घेऊन येते. सगळे हसायचे. पाहुणे आले की त्यांनाही सांगायचात, काकूंच्या देखत. पहिल्या पहिल्यांदा त्या म्हणायच्या, नाय हो, मी नाय धुतली. मग तेही म्हणायच्या बंद झाल्या. आणि प्रत्येक वेळी मी हसले, इतरांपेक्षा थोडी मोठ्याने. त्याच महिन्यात तुम्ही पेटीला कुलूप लावलंत आणि किल्ली माझ्याकडे ठेवायला दिलीत. घरात नको, म्हणालात. मी ती घेतली. माझ्या लग्नात तुम्ही ते सरकलेले चार आणे लाल डबीत घालून दिलेत, स्वतःच्या संग्रहातलं तुमचं सगळ्यांत आवडतं, आणि काकूंनी मला शकुनाची ओटी भरली. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. पण मांडवात कोण असलं काही सांगतं, असं मी मनाशी म्हटलं. मला दर वेळी असं एक कारण सापडत गेलं.

तुम्ही निवृत्त झालात आणि दोनच वर्षांत गेलात. शेवटच्या दिवसांत सिव्हिलमध्ये तुमच्या खाटेशी मी दोन दुपारी बसले होते. काकू डबा आणायला घरी जायच्या, आपण दोघंच असायचो. तुम्हाला बोलायला त्रास व्हायचा, ऐकायला नाही. मी तुम्हाला शाळेच्या गोष्टी सांगितल्या, नव्या हेडमास्तरांची नक्कल केली, तुम्ही हसलात. दुसऱ्या दुपारी मी म्हटलं, ‘सर, त्या शिवराया...’ आणि तुम्ही हात हलवून मला गप्प केलंत. म्हणालात, जाऊ दे, तिचं तरी काय चुकलं, चांगलं करायला गेली बिचारी. तुम्ही माफ केलं होतंत. ज्यांनी काही केलंच नव्हतं त्यांना. मी तोंड उघडलं होतं सर, ते परत मिटलं. मोसंबं सोलून दिलं तुम्हाला.

दिवसकार्य झाल्यावर मी किल्ली काकूंच्या हातात द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. तुझ्याकडेच असू दे, माझे हात घासायला शिवशिवतात, म्हणाल्या. मी ती थट्टा समजले होते.

काकू आता पालीला असतात, मुलीकडे. नव्वदीला टेकल्या आहेत. डोळ्यांनी अंधुक दिसतं, कान शाबूत आहेत. मी वर्षातून दोनदा जाते, फराळाचं घेऊन. गेल्या महिन्यात गेले तेव्हा पडवीत बसल्या होत्या. मुलीने आत चहा टाकला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग मी न विचारता त्यांनीच तो विषय काढला.

‘ती नाणी मीच धुतली असणार गो,’ म्हणाल्या. ‘इतकी वर्षं ह्यांच्याशी वाद घातला, मी नाय, मी नाय. पण आता मला दिसतं ना. आगळात टाकली नि कशी लालबुंद झाली. ह्यांचं सगळं वाया घालवलं मी, नि वर खोटं ठरवलं त्यांनाच. माफीपण मागायची राहिली.’

डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. मी त्यांचा हात हातात घेतला. मऊ, सुरकुतलेला, स्वच्छ हात. मुलगी आत होती, कपबशांचा आवाज येत होता, ती बाहेर यायला अजून दोन मिनिटं तरी होती. दोन मिनिटं पुरली असती. मी म्हटलं, ‘जाऊ दे काकू, जुनी गोष्ट ती.’

म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिलं. काकूंना लिहायचं तर ते कुणीतरी त्यांना वाचून दाखवणार, आणि मग माझ्याकडे बघणार. तुमचं तसं नाही. हे मी कुठे टाकणार नाही, पालीलाही नेणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. पण तुम्हाला निदान एक गोष्ट खरी सांगते. काकू रडत रडत ते बोलल्या तेव्हा मला त्यांची दया आली, माझी शरमही वाटली, पण ते सगळं नंतर. सगळ्यांत आधी, सर, मला हायसं वाटलं.